गुरगुर ऐकून घेणारं घर: कुत्र्याकडून माणूस काय शिकतो

इंदिरानगरहून एका ताईंनी विचारलं आहे: सहावीतला मुलगा कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरून बसलाय. यजमान म्हणतात, घेऊन टाकू, त्याला जबाबदारी कळेल, शिस्त लागेल. सासूबाईंचा ठाम विरोध. ताईंचा प्रश्न असा की, कुत्र्याकडून माणसाला शिकण्यासारखं खरंच काही असतं का, की निष्ठा, प्रेम, क्षमा हे सगळं बोलायपुरतंच?

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं पशुवैद्य म्हणून काम करते. टेबलावर कुत्रा येतो आणि त्याच्याबरोबर त्याचं अख्खं घर येतं. त्या अनुभवावरून सांगते, कुत्र्याचे गुण नुसते बघून माणूस बदलत नाही. निष्ठावान कुत्रा ओसरीवर बसलेला असतो आणि घरातले भाऊ जमिनीवरून कोर्टात भांडत असतात. माणूस बदलतो तो कुत्र्याशी रोज जमवून घेताना. कारण तिथे आपलं बोलणं चालत नाही. समजूत घालणं, वचन देणं, 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगणं, सगळं वाया जातं. तुम्ही काय केलं, कधी केलं आणि दर वेळी तेच केलं का, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. हे ज्या घराला जमतं, त्या घरातलं माणसांचं एकमेकांशी वागणंही बदलताना मी पाहिलं आहे.

सगळ्यात मोलाची गोष्ट आधी घेते. ती म्हणजे गुरगुर.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' असं आपण सहज म्हणतो. या म्हणीवर विसंबून कुणीही हात पुढे करू नये, कारण भुंकणारा कुत्रा चावतो आणि न भुंकणाराही चावतो. माझ्याकडे येणारे लोक सांगतात, 'मॅडम, एकदम चावला हो, काही कारणच नाही.' नीट विचारत गेलं की कारण निघतं, आणि त्या आधीच्या खाणाखुणाही निघतात. कुत्रा आधी तोंड फिरवतो. ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. कान मागे पाडतो, अंग आखडून घेतो, मान न वळवता तिरक्या नजरेने बघतो, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. एवढं करूनही समोरचा थांबला नाही तर गुरगुरतो. गुरगुरणं हा त्याचा शेवटचा सभ्य शब्द असतो. आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला फटका देतो: 'माझ्यावर गुरगुरतोस?' दोन-चार फटक्यांत गुरगुर बंद होते. आतली भीती किंवा दुखणं तसंच राहतं. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो, आणि मग तो 'एकदम चावलेला' असतो.

पंचवटीतल्या एका एकत्र कुटुंबाने त्यांचा पॉमेरियन माझ्याकडे आणला होता. तक्रार अशी की हल्ली मुलांवर गुरगुरतो. तपासायच्या आधी मी म्हटलं, घरी कसं असतं ते इथेच बघू दे. धाकट्या मुलाने त्याला नेहमीसारखी गच्च मिठी मारली. वडील कौतुकाने म्हणाले, 'बघा, किती लाड करून घेतो.' एवढ्यात मोठी बहीण, असेल नऊ-दहा वर्षांची, हळूच म्हणाली, 'बाबा, पण तो तोंड फिरवतोय. आणि सारखी जीभ बाहेर काढतोय.' मोठी माणसं कुत्र्याच्या हलणाऱ्या शेपटीकडे बघत होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी कान उघडून पाहिला. आत जंतुसंसर्ग झालेला, पू, घाण वास. मिठी मारताना मुलाचा दंड नेमका त्याच कानावर दाबला जात होता. कान धुणं, थेंब, गोळ्या, आणि मुलांना एक नियम: मिठी नाही, बाजूला बसायचं, हात खाली ठेवायचा, तो जवळ आला तर छातीवर खाजवायचं, उठून गेला तर जाऊ द्यायचं. गुरगुर थांबली.

मला जास्त आवडलं ते पुढचं. फेरतपासणीला आई म्हणाली, आता पाहुणे आले आणि मुलीचे गाल ओढायला लागले की आम्हीच सांगतो, तिला आवडत नाही. आधी आम्ही तिलाच दटावायचो, 'काका आहेत ना ते, असं करू नये.' त्या घराला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. कुत्र्याचा नकार वेळेवर ओळखायची सवय लागली आणि ती मुलीपर्यंत पोचली. घरात कुणाला 'नको' म्हणता येतं आणि ते ऐकून घेतलं जातं, ही फार मोठी गोष्ट आहे. किती तरी घरांत सुनेची, म्हाताऱ्याची, मुलाची गुरगुर फटक्यानिशी बंद केलेली असते आणि मग एके दिवशी सगळे म्हणतात, काही कारण नसताना असं कसं केलं?

(इथेच एक सांगून ठेवते. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा उठला, घरचा असो की गल्लीतला, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, त्यावर हळद-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. सरकारी दवाखान्यात लस मिळते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर रोग टळतो.)

दुसरी गोष्ट नियमांची. जेवताना आजोबा टेबलाखालून पोळीचा तुकडा देतात, बाबा ओरडतात, आई रविवारी देते आणि सोमवारी नाही. सगळे म्हणतात, कुत्रा हावरट आहे, ऐकत नाही. तो व्यवस्थित ऐकतो. मागत राहिलं की कधी तरी मिळतं, हा धडा तुम्हीच त्याला पक्का शिकवलेला असतो. दर वेळी मिळणारी गोष्ट बंद झाली तर मागण्याची सवय लवकर सुटते. कधी मिळते, कधी नाही अशी असेल तर ती सुटता सुटत नाही. हे मानसशास्त्रात चांगलं तपासलेलं आहे आणि मोबाईलसाठी रडणाऱ्या मुलाला जसंच्या तसं लागू पडतं. कुत्र्याला शिकवायचं म्हणजे आधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून एक नियम ठरवायचा. बऱ्याच घरांत अशी बैठक पहिल्यांदा कुत्र्यामुळे होते.

आता अपराधी चेहऱ्याबद्दल. बाहेरून आलात, चप्पल कुरतडलेली, कुत्रा कान पाडून कोपऱ्यात. 'बघा, त्याला माहीत आहे त्याने चूक केली!' अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हा चेहरा प्रयोग करून तपासला. मनाई केलेला खाऊ काही कुत्र्यांनी खाल्ला, काहींनी तोंडही लावलं नाही; मालकांना मात्र काही वेळा खोटंच सांगितलं गेलं. तो पडलेला चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. खाल्लेलंच नसताना ओरडा मिळालेल्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच पडलेला होता. म्हणजे आपण आपल्याच रागाचं प्रतिबिंब त्याच्या तोंडावर बघतो आणि त्याला कबुली समजतो.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाचं यज्ञसत्र चालू असताना देवांची कुत्री सरमा हिचं पिल्लू तिथे येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही तरी केलं असशील. ते सांगतं, मी हविर्द्रव्याकडे बघितलं नाही, चाटलंही नाही. सरमा यज्ञात येऊन जाब विचारते, माझ्या पोराला का मारलंत? आणि एवढे राजपुत्र, पण कुणाकडे उत्तर नसतं. सरमेने आधी पिल्लाला विचारलं, मग राजाला जाब विचारला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. वर्गात, ऑफिसात, स्वयंपाकघरात 'चेहऱ्यावरूनच कळतं' म्हणून निकाल देणाऱ्या प्रत्येकाने कुरतडलेल्या चपलेपाशी क्षणभर थांबून बघावं. पिल्लाचे दात येत असतात. दिवसभर एकटं कोंडलेलं असतं. चप्पल दाराशी पडलेली असते.

'कुत्रा सगळं विसरतो, क्षमा करतो' हे मात्र मला पटत नाही. कुत्रा विसरत नाही. पिल्लूपणी काठी खाल्लेला कुत्रा म्हातारपणीही झाडू उचलला की दबतो. माझ्या दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशीच पाय रोवून बसणारी कुत्री आहेत, त्यांना सुई आठवते. पण त्यांच्यात एक गोष्ट असते: विश्वास परत मिळवायची वाट ती खुली ठेवतात. ती वाट लांब असते आणि पायी चालावी लागते. रोज त्याच वेळी यायचं, अंगावर धावून जायचं नाही, हात पुढे करून थांबायचं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलं आहे. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाने वारंवार भेटून खाऊ दिला त्यापेक्षा वारंवार मायेने हात फिरवला तेव्हा कुत्र्यांचा त्याच्यावर जास्त विश्वास बसला. उपाशी फिरणारी कुत्री, तरी खाण्यापेक्षा स्पर्शाचं वजन जास्त पडलं. दिवाळीला महागडी भेट आणून वर्षभराचं अंतर भरून काढू बघणाऱ्या कितीतरी वडिलांना मला हे सांगावंसं वाटतं.

दिवाळीवरून आठवलं, फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाडावेल, असा एक समज आहे. खुशाल घ्या. भीती ही काही हट्टाने केलेली गोष्ट नाही. धीर दिल्याने ती वाढत नाही. खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू, पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्यायचं, आपण शेजारी शांत बसायचं. मुलांच्या भीतीलाही हेच लागू.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट सांगायलाच हवी. द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे घरोघरी पेट्या येतात, निफाड-दिंडोरीकडच्या बागांतून तर कुत्री राखणीलाच असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, किडन्या निकामी होतात. किती खाल्ली तर होईल याचं नक्की माप नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखादा थोडक्यात जातो. अलीकडे द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं. उलट्या, मरगळ, लघवी कमी होणं दिसायच्या आधीच, म्हणजे खाल्ल्याचं कळताक्षणी दवाखाना गाठायचा. चॉकलेटचं आणि कांद्याचंही तसंच. एक बागायतदार आजोबा होते, बागेतला पहिला घड देवाला आणि त्यातले चार मणी कुत्र्याला, असा त्यांचा नेम. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे आपल्याला गोड ते त्याला गोड असं नाही.' पुढे त्यांनी नेम मोडला नाही, फक्त मण्यांच्या जागी भाकरीचा तुकडा आला. आपल्या मापाने दुसऱ्याला माया मोजायची नाही, हे कुत्रा पाळणाऱ्याला फार लवकर कळतं. त्याला फिरायला नेतो तेव्हाही तेच. आपल्याला अर्ध्या तासात जॉगिंग ट्रॅकच्या फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात आणि तो एका खांबापाशी अडून बसतो. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतात. तो खांब म्हणजे त्याच्यासाठी गल्लीची सगळी खबरबात. ओढू नका, वाचू द्या.

आणि आजारपण, म्हातारपण. यावर मी थोडी थांबते, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे आणि लोक याबद्दल सगळ्यात कमी विचार करून कुत्रा आणतात.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये खाणीत काम करताना एक पुरुष आणि एक स्त्री यांचं दफन सापडलं. त्यांच्यासोबत एक कुत्रा होता. हे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. पुढे त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास झाला. सात महिन्यांचं पिल्लू होतं ते, आणि दातांवरच्या खुणा सांगतात की त्याला डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगासारखा गंभीर आजार होऊन गेला होता. डिस्टेंपर मी आजही नाशिकमध्ये बघते: ताप, उलट्या, नाकातून शेंबूड, पुढे झटके. हाताने पाणी पाजलं नाही, ऊब दिली नाही, घाण साफ केली नाही तर पिल्लू काही दिवसांत जातं. ते पिल्लू आठवडे जगलं. त्या वेळी ते ना शिकारीच्या कामाचं होतं ना राखणीच्या. तरी कुणी तरी रात्री उठून त्याचं केलं.

गंगापूर रोडच्या एका घरात अशीच काळजी लागणारी एक म्हातारी लॅब्राडोर कुत्री होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दृष्टी गेलेली. मी त्यांना सांगितलं, फर्निचर हलवू नका. पाण्याचं भांडं त्याच जागी. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं खरबरीत पायपुसणं टाका म्हणजे पायाला कळेल की पुढे पायरी आहे. हात लावायच्या आधी आवाज द्या, नाहीतर दचकून चावेल. ती दारं, भिंती शिकली आणि बिनधास्त फिरू लागली. त्या घरात आजोबाही होते, कंपवाताने थकलेले, नजर अधू. सून मला नंतर म्हणाली, 'आम्ही बाबांची टीपॉय रोज झाडताना सरकवायचो, आणि ते धडपडले की म्हणायचो, बघून चाला. आता बाबांच्याही वस्तू हलवत नाही. बाथरूमच्या दाराशी तसलंच पायपुसणं टाकलंय. मागून जाऊन एकदम हात धरत नाही, आधी हाक मारतो.' कुत्रीची काळजी घेताना ज्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, ते मग माणसासाठी करणंही सोपं गेलं.

शेवटचा भाग अवघड असतो. कुत्री दुखणं लपवतात, म्हणून 'तो बघा, काही तक्रार नाही' यावर जाऊ नका. चढताना थांबणं, एकच पाय चाटणं, रात्री जागा बदलत राहणं, आवडता खाऊ हुंगून सोडणं, ही त्याची तक्रार असते. उपचाराने आराम मिळणार नसेल तेव्हा त्याला शांतपणे जाऊ द्यायचं की नाही, हा निर्णय घरातल्यांना घ्यावा लागतो. त्या वेळी मुलांना बाहेर पाठवू नका, आणि 'गावी शेतावर पाठवला' असंही सांगू नका. मुलं खरं पेलतात. खोटं कळल्यावर मात्र त्यांचा आपल्यावरचा विश्वास जातो.

तर ताई, आता तुमच्या घराबद्दल. मुलाला जबाबदारी शिकवण्यासाठी म्हणून कुत्रा आणू नका. कुत्रा दहा-बारा वर्षं, गावठी असेल तर आणखीही जगतो. तुमचा मुलगा सहा-सात वर्षांत बारावी संपवून कदाचित पुण्याला जाईल, तेव्हा कुत्रा ऐन भरात असेल आणि पट्टा तुमच्या हातात. म्हणून हो म्हणायचं ते तुम्ही आणि यजमानांनी. मुलाचा वाटा ठरवून द्या: पाण्याचं भांडं घासून भरणं, संध्याकाळचं फिरणं, अंगावर गोचीड आहे का ते बघणं. तो विसरला तर कुत्र्याला तहानलेलं ठेवून धडा शिकवायचा नाही; भांडं तुम्ही भरायचं आणि मुलाशी नंतर बोलायचं.

सासूबाईंना बाजूला सारून पिल्लू आणू नका. दिवसभर घरी त्याच असणार. त्यांना नक्की काय नको आहे ते विचारा: केस, वास, देवघरात येणं, की पडण्याची भीती? म्हातारपणी पायात पिल्लू आलं तर हाड मोडतं, ती भीती खोटी नाही. देवघराला छोटं फाटक लावता येतं, पिल्लाला पहिल्या दिवसापासून तिथे न जाण्याची सवय लागते. तरीही त्या नाही म्हणाल्या तर सध्या थांबा.

थांबायचं ठरलं तर तुमच्या गल्लीतल्या एखाद्या कुत्रीपासून सुरुवात करा. मुलाला आठवडाभर लांबून नुसतं बघायला सांगा: ती कुठे झोपते, कुणाला बघून उठते, शेपूट कधी खाली जाते. रोज एकाच वेळी, एकाच जागी पाणी ठेवा. तिची नसबंदी आणि रेबीजची लस झाली आहे का ते बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला सहसा खूण केलेली असते. झाली नसेल तर महापालिकेला कळवा. आणि पिल्लू आणायचं ठरलं तर आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेलं घेऊ नका. शक्यतो गावठी घ्या. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हस्की आणि पगचे हाल मी दर वर्षी बघते. डिस्टेंपर आणि पार्वो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य रोग) यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. दिवाळीच्या तोंडावर आणू नका, पिल्लाचे पहिले दिवस फटाक्यांत जायला नकोत. मे महिन्याच्या सुट्टीत आणलंत तर मुलगा दिवसभर घरी असेल. फक्त दुपारी बाहेर काढू नका. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच-सात सेकंद ठेवून बघा, भाजत असेल तर त्याचेही पाय भाजतील.